एबिंगरचा केक आणि आपला चिकाचा हलवा

ब्रुकलीनच्या एबिंगर बेकरीच्या ‘ब्लॅकआउट केक’च्या ‘अस्सल’ म्हणविणाऱ्या कृती अमेरिकेत घरोघरी फिरत असतात. त्यांपैकी तीन आम्ही करून पाहिल्या. त्यांविषयी चार शब्द.

ही बेकरी १८९८ साली फ्लॅटबुश अ‍ॅव्हेन्यूवर सुरू झाली आणि दिवाळे निघून २७ ऑगस्ट १९७२ रोजी बंद पडली. आम्ही या देशात आलो ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तेव्हा हा केक आम्ही चाखलेला नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या वॉर्डातल्या ब्रुकलीनच्या आजीबाईंकडून तो फक्त ऐकला. चॉकलेट केकचे थर, मध्ये कॉर्नफ्लोअरने दाट केलेले काळेभोर पुडिंग आणि वरून केकचाच चुरा. नाव युद्धकाळातल्या ब्लॅकआउटवरून पडले म्हणतात.

बेकरीने आपली कृती जाहीर केली नव्हती. पुढे १९९२ साली मॉली ओ’नील यांच्या ‘न्यू यॉर्क कुकबुक’मध्ये एक कृती आली आणि इतरही अनेकांनी आपापल्या छापल्या. केक चांगले होतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘अस्सल’ या शब्दाबद्दल.

एक तर या कृती कपाने मोजतात. एका कपात मैदा कधी १२० ग्रॅम बसतो, तर दाबून भरला की १५०. जन्मभर औषधाचे थेंब मोजलेल्या आमच्यासारख्यांना हे पटत नाही. बेकरीत सारे वजनावर चालते. दुसरे, मोठ्या बेकऱ्या केकसाठी खास शॉर्टनिंग वापरीत. ते साखर आणि पाणी जास्त धरून ठेवते. घरच्या लोण्याला ते जमत नाही. तिसरे, काहींनी शेवटचे केक फ्रीझरमध्ये जपले होते असे सांगतात. पण कॉर्नफ्लोअरचे पुडिंग गोठवून पुन्हा वितळविले की त्याला पाणी सुटते. म्हणजे जपलेला केकही साक्षीला उपयोगाचा राहत नाही. उरते ती फक्त आठवण.

आम्ही केलेला केक एका आजीबाईंना नेऊन दिला. त्यांनी सगळा खाल्ला आणि म्हणाल्या, “छान आहे गं, पण तो नव्हे.” याहून नेमके परीक्षण आम्हाला लिहिता येणार नाही.

हसू नका, आपल्या घरातही तेच चालले आहे. रोश हशानाला गहू भिजवून, वाटून, चीक काढून, नारळाच्या दुधात तासन्‌तास ढवळलेला हलवा आता आम्ही कॉर्नफ्लोअर आणि डब्यातल्या दुधावर उरकतो आणि मुलांना सांगतो, “हा आजीचा.” आईला माप विचारले की ती म्हणे, “बोटाला चिकटेनासा झाला की उतरव.” आम्ही ते लिहून घेतले, पण तिच्याशेजारी उभे राहून बोट लावून पाहिले नाही. आज ती नाही.

म्हणून कृती लिहिणाऱ्यांनी ‘अस्सल’ऐवजी ‘आमच्या आठवणीप्रमाणे’ असे प्रामाणिकपणे लिहावे. आणि ज्यांच्या घरी आई, मावशी, आत्या अजून आहेत, त्यांनी या सणाला तराजू घेऊन चुलीपाशी उभे राहावे. बेकरीच्या बाबतीत ती वेळ १९७२ सालीच निघून गेली.