खोट्या गाडीचा खरेपणा

कलाकृतीवर मत देण्यापूर्वी ती आपल्यापर्यंत नीट पोचली आहे की नाही, हे पाहणे टीकाकाराचे पहिले काम असते. फाटक्या कर्ण्यातून ऐकलेल्या गाण्यावरून गवयाची परीक्षा कोणी करीत नाही. परंतु संगणकावरील मोटारशर्यतींच्या खेळांविषयी आपल्याकडे जी ठाम मते मांडली जातात, त्यांतील पुष्कळशी कर्ण्याविषयीची असतात, गाण्याविषयीची नसतात.

कोल्हापूरकराला शर्यतीचे वेड सांगावयास नको. येथल्या उद्यमनगराला यंत्राचा कान आहे, आणि येथला कृष्णराज महाडिक २०१८ साली ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्री मालिकेत धावला आहे. तथापि मोठे शर्यतमार्ग चेन्नई, कोइमतूर आणि ग्रेटर नोएडा येथे. आणि तेथल्या एका फेरीचा खर्चही सामान्य घरच्या मुलाला पेलणारा नव्हे. त्याच्यासाठी हा खेळ करमणूक नसून एकुलते एक दार आहे. म्हणूनच तो खरे शिकवतो की खोटे, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

पहिली तक्रार असते, ‘स्टिअरिंगमध्ये जीव नाही.’ बहुधा दोष जोराच्या मापात असतो. चाकातल्या मोटरीची ताकद मर्यादित. खेळातून येणारा जोर त्या मर्यादेपलीकडे चढवला की वरचे सारे चढउतार कापले जातात. मग वळणातला ताण आणि कडेच्या दगडांचा धक्का हाताला सारखाच लागतो. उपाय उलटा वाटेल असा आहे: जोर कमी करावा, म्हणजे स्पर्श वाढतो. दुसरी तक्रार ब्रेकची. स्वस्त पेडल पाय किती खाली गेला ते मोजते. पण खऱ्या गाडीत पाय लक्षात ठेवतो तो दाब. दाब मोजणारे पेडल घेतले की ज्या चालकाला आपण धसमुसळा म्हणत होतो तो एकाएकी संयमी ठरतो! पेडल आपोआप थरथरू लागले, तर बहुधा आतल्या पोटेन्शिओमीटरवर धूळ बसलेली असते. ती पुसावी, खेळाला शिव्या देऊ नयेत.

तिसरी तक्रार तारेची. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. वळणावळणाच्या मार्गाने युरोपातल्या प्रतिस्पर्ध्याची खबर येथे येण्यास ७५ मिलिसेकंद लागले असे धरू. ताशी २०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तेवढ्यात चार मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या अंगाइतकी पुढे जाते. पडद्यावर दिसते ती गाडी नव्हे, गाडीविषयीचा संगणकाचा अंदाज. उशीर एकसारखा असेल तर अंदाज जमतो. लहरी असेल तर शेजारची गाडी उड्या मारू लागते. म्हणून बिनतारी जोडणीपेक्षा साधी केबल बरी. उशीर सोसतो, लहरीपणा सोसत नाही.

एवढी साफसफाई झाल्यावर मगच कृतींकडे वळावे. ‘असेटो कोर्सा’ (२०१४) ही इटलीतल्या कुनोस मंडळींची निर्मिती. टायर सुटण्याआधीची जी सूचना हाताला मिळते, तिच्यात या कृतीचे मोठेपण आहे. मूळ खेळात पाऊस नाही, रात्र नाही. ती उणीव चाहत्यांनी भरून काढली. एकांतातला हा उत्तम सोबती आहे. मात्र अनोळखी गर्दीत शिस्त राखण्याची व्यवस्था त्याच्यापाशी नाही.

ती व्यवस्था २००८ साली आलेल्या ‘आयरेसिंग’पाशी आहे. येथे टक्कर झाली की चूक कोणाची हे न विचारता दोघांच्याही नावावर दोष लागतो. प्रथम हा अन्याय वाटतो. पण त्यामुळेच चालक समोरच्याच्या चुकीचाही विचार करून चालवू लागतो. नियमाने स्वभाव घडवण्याचे हे कौशल्य मला ह्या कृतीचा खरा गुण वाटते. मात्र तिचे वर्गणीचे दर येथल्या विद्यार्थ्याच्या खिशाचे नाहीत, आणि मार्च २०२४ पर्यंत तिच्यात पावसाचा थेंब पडत नव्हता. आषाढातल्या कोल्हापुरात बसून तो कोरडेपणा फार जाणवे.

परंतु ह्या साऱ्या प्रकाराची कसोटी जानेवारी २०२३ मध्ये लागली. ‘आरफॅक्टर २’ वर झालेल्या आभासी ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जगज्जेता मॅक्स व्हर्स्टापेन आघाडीवर असता त्याचा संबंधच तुटला. परतेपर्यंत तो बराच मागे पडला होता, आणि संतापून त्याने शर्यत सोडली. त्याच्या संतापाला कोणी हसू नये. खऱ्या शर्यतीतही इंजिन फुटते, पण ते त्या गाडीचे, त्या चालकाच्या वापराचे असते. तो दोष शर्यतीच्या कथेत बसतो. तार तुटणे कथेबाहेरचे असते. नाटकात नायक मेला तर ती शोकांतिका; रंगमंचाची फळी मोडून नट पडला, तर तो अपघात.

तेव्हा माझा निर्णय असा: टायर, ब्रेक आणि रस्ता ह्यांच्या बाबतीत हे खेळ खरेपणाच्या अगदी जवळ आले आहेत, आणि उमेदवाराने त्यांच्याकडून निःसंकोच शिकावे. न्यायाच्या बाबतीत मात्र ते अजून कच्चे आहेत. अनेकांनी एकत्र धावायचे तर सर्वांना सारखाच रस्ता मिळाला पाहिजे. आणि तो रस्ता आज पडद्यावर नाही, भिंतीमागच्या तारेत आहे.