खेळाडूची शिदोरी आणि पात्राचें सामर्थ्य

गेल्या दिवाळीच्या सुटींत अकोल्यास भाच्याकडे गेलों असतां त्याच्या दिवाणखान्यांत पांच-सहा तरुण मंडळी एका मेजाभोंवतीं कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचा फांसा घेऊन बसलेली आढळली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हें त्या खेळाचें नांव. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांचा हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येकानें एका काल्पनिक पात्राचें सोंग घ्यावयाचें, त्याचें बळ, चापल्य, बुद्धि इत्यादिकांचे आंकडे कागदावर मांडावयाचे, आणि एकानें सूत्रधार होऊन प्रसंग रचावयाचे. पात्राचें धाडस साधलें कीं फसलें, हें तो आंकडा व फांसा मिळून ठरवितात.

तासाभरांत एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. फर्डें इंग्रजी बोलणारा एक मुलगा मंदबुद्धि मल्लाचें सोंग घेऊन बसला होता. पण सूत्रधारानें घातलेलें प्रत्येक कोडें तोच सोडवी. दुसरा जात्या अडखळत बोलणारा. त्यानें मुद्दाम राजदूताचें सोंग घेतलें होतें. दरबारांत बोलण्याची पाळी आली तेव्हां मंडळी म्हणाली, “नुसता फांसा काय टाकतोस? भाषण करून दाखव!” तो गप्प राहिला, आणि थोड्या वेळानें पाणी पिण्याच्या निमित्तानें उठून गेला. मल्लाला मात्र कोणीं जोर काढून दाखवावयास सांगितलें नव्हतें.

पात्राचें सामर्थ्य कोणतें आणि खेळाडूनें घरून आणलेली शिदोरी कोणती, हा येथें खरा वाद आहे. कांहीं खेळांत तर खेळाडूच्या हातीं आणखी एक पुंजी देतात. १९८३ सालच्या जेम्स बाँडच्या खेळांत ‘हीरो पॉइंट’ खर्चून बिघडलेला डाव सावरतां येतो. पात्राला त्याची वार्ताहि नसते.

वऱ्हाडच्या वाचकांस हा प्रश्न परका वाटूं नये. अमरावती जिल्ह्यांत वर्धेच्या कांठचें कौंडिण्यपूर म्हणजेच दमयंतीचें माहेर कुंडिनपूर, अशी परंपरा आहे. वनपर्वांतील नलोपाख्यान या दृष्टीनें पुन्हां वाचून पाहावें. नळाच्या पदरीं गुण थोडे नव्हते. अश्वविद्या होती, इच्छेसरशीं अग्नि व जल प्रकट व्हावें, हातच्या अन्नास अपूर्व गोडी यावी, असे देवांचे वरहि होते. कर्कोटकाच्या दंशानें रूप पालटलें तरी हे गुण पालटले नाहींत. त्यांवरूनच दमयंतीनें केशिनीकरवीं बाहुकाची पारख केली. याला म्हणावें पात्राचें सामर्थ्य. तरी पुष्करापुढें त्याचे फांसे उलटे पडत गेले, कारण कलि त्याच्या देहांत शिरला होता. निमित्त एवढेंच कीं, एकदां पाय न धुतां त्यानें संध्या केली. एवढ्याशा चुकीसाठीं राज्य जावें, हा न्याय पात्राच्या गुणावगुणांतून निघत नाहीं. तो बाहेरचा हात होय. आणि त्यावरचा उतारा पाहा. ऋतुपर्णानें झाडाचीं पानें-फळें मोजून दाखविलीं, अश्वविद्येच्या बदल्यांत अक्षहृदय दिलें, आणि कलि देहांतून बाहेर पडला. दैव होतें तें विद्या झालें.

दमयंतीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. स्वयंवरांत सारखेच दिसणारे पांच नळ उभे. ओळखण्याची कोणतीच कला तिच्यापाशीं नाहीं. तेव्हां तिनें आपली सत्यनिष्ठा पणास लावली, आणि देवांना आपलीं चिन्हें प्रकट करावीं लागलीं. अडीच्या वेळीं खर्चावयाची ही पुंजीच. पण ती तिच्याच आचरणानें सांठलेली. म्हणून पुंजी असणें हा दोष नव्हे. ती कोठून आली, हें पाहिलें पाहिजे. १९७४ च्या त्या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तींत, आपल्या पात्राचें ध्येय, त्याचा जिव्हाळा वा व्यंग यांस धरून वागणाऱ्या खेळाडूस बक्षीस म्हणून दोन फांसे टाकून मोठा घेण्याची सवलत दिली आहे. ही दमयंतीच्या जातीची पुंजी म्हणावी.

यावर कोणी रंगभूमीचा दाखला देईल. अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचें ‘रणदुंदुभि’ १९२७ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हां तेजस्विनीचें तेज पुष्कळसें मास्टर दीनानाथांच्या गळ्यांत होतें; तो गळा घरीं ठेवून या, असें कोणता रसिक म्हणाला असता? आक्षेप खरा आहे. पण नाटक प्रेक्षकांसाठीं असतें. या मेजाशीं प्रेक्षक कोणीच नाहीं, सारेच नट. नाटकगृहांत जो गळा सर्वांस आनंद देतो, तोच येथें दाराशीं बसून दुसऱ्यास आंत येऊं देत नाहीं.

दुसऱ्या संध्याकाळीं मीं भाच्यास एक तोड सुचविली. काय मागावयाचें तें खेळाडूनें एका वाक्यांत सांगावें, तें कसें वठलें हें पात्राचा आंकडा व फांसा ठरवील. आणि मल्लास कोडें सुटलेंच, तर त्याचें उत्तर त्यानें एखाद्या पंडिताच्या पात्रास देऊन टाकावें. राजदूत अडखळत म्हणाला, “आमचे कैदी परत द्या.” फांसा पडला, आंकडा मिळविला, आणि दरबारानें कैदी सोडले. त्या मुलाच्या मुद्रेवरचा आनंद पाहून मला बरें वाटलें. पण मग तोंडी परीक्षा घेतांना गेलीं तीस वर्षें मीं किती मुलांची घरची शिदोरीच गुण म्हणून मोजली असेल, हा विचार अमरावतीच्या परतीच्या वाटेंत मला सोडीना.