पालगडची आंघोळ, पंढरपूरचे उपोषण

लेखकाचे जन्मगाव पाहिले की त्याचे पुस्तक अधिक कळते, असा आपल्याकडे समज आहे. साने गुरुजींच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे, असे आम्हाला वाटते.

२४ डिसेंबर १८९९ रोजी गुरुजी जन्मले ते दापोली तालुक्यातील पालगडला. चिंचोळी एमआयडीसीतून आम्ही तिकडे गेलो तेव्हा बरोबर कामगारांच्या घरांतली मुले होती. घरी दखनी आणि शाळेत मराठी बोलणारी. स्मारक म्हणून जपलेले घर, उतरती छपरे, दाट झाडी पाहून ती हरखली. मोहोळच्या माळावर वाढलेल्या मुलांना श्यामचे कोकण प्रथमच डोळ्यांनी दिसले. जन्मगावाची भेट एवढे निश्चित देते.

मात्र ‘श्यामची आई’ पालगडात लिहिली गेली नाही. ती फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात उतरली. आई जाऊन तेव्हा पंधराएक वर्षे लोटली होती. म्हणजे पुस्तकातले पालगड हे आठवणीतले गाव आहे. भाविक वाचक तिथून माया तेवढी घेऊन परततो आणि पुस्तकातील खटकणाऱ्या जागा विसरतो.

मोळीचा प्रसंगच घ्या. दलित म्हातारीची पडलेली मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते आणि परत आल्यावर आंघोळही करायला सांगते. तिची करुणा खरी आहे, तशीच तिची मर्यादाही खरी आहे. व्रतवैकल्ये आणि सोवळेओवळे यांच्या या जगात आमच्या अम्मीला जागा कुठे, असा प्रश्न मुस्लिम वाचकाला पडला तर तो गैर नाही. हे पुस्तक सवर्ण घराचे आहे, आपले नव्हे, असे म्हणून ते बाजूला ठेवणारेही आमच्यात आहेत. त्यांचा आक्षेप आम्ही नाकारत नाही. पण तिथेच थांबणे आम्हाला मान्य नाही.

कारण मुलगा त्या आंघोळीपाशी थांबला नाही. १ मे १९४७ रोजी विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले; १० मे रोजी ते सुटले. आईने मोळीपर्यंत आणून सोडलेली वाट मुलाने देवळाच्या दारापर्यंत नेली. आईवर प्रेम करणे आणि तिची मर्यादा ओलांडणे यांत विरोध नाही, हे त्या दहा दिवसांनी सांगितले. प्रेषितांच्या जीवनाचा आदराने वेध घेणारे त्यांचे ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तकही याच वाटेवरचे आहे. ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले आणि ‘श्यामची आई’ पाठ असणाऱ्या कितीतरी घरांत आजही पोचलेले नाही.

म्हणून शिक्षकमित्रांना आमची विनंती आहे. पालगडला मुलांना जरूर न्या. पण चिंचोळीहून पुण्याच्या रस्त्याला लागले की मोहोळ येते आणि तिथून पंढरपूरचा फाटा फुटतो. श्यामचे ते दुसरे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे. मोळीचा धडा तिथे बसून वाचावा आणि आंघोळीचे वाक्य गाळू नये. ते गाळले तर गुरुजी केवळ हळवे ठरतात; ते ठेवले तरच त्यांनी किती अंतर कापले हे मुलांना कळेल, आणि आमच्या मुलांना त्या वाटेवर आपलीही जागा दिसेल.