झुमकावाली पोर आणि मांडवातले आपण

'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट 2025 च्या फेब्रुवारीअखेर लागला, तेव्हा आम्ही चार-पाच लिहिणारे पुण्यातल्या एका खेळाला मिळून गेलो होतो. बाहेर पडताना दोघांचे डोळे ओले होते. मालेगावात हौसेनं चित्रपट काढणाऱ्या नासिर शेखचं व्हिडिओ पार्लर, यंत्रमागावरून उठून सुपरमॅन झालेला काटकुळा शफीक, हे सगळं आम्हाला पाठ. 2000 सालच्या 'मालेगाव के शोले'बद्दल आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं कधी ना कधी गहिवरून लिहिलेलं आहे. चहा घेताना एक जण म्हणाला, ''अशी वेडी माणसं आता होणे नाही.'' मी विचारलं, ''छोटू दादा बघतोस का?'' तो हसला. ''ते? ते काय बघायचं!''

छोटू दादा मालेगावचाच. त्याच्या चित्रफिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या आहेत, आणि आमच्या धंद्यात त्यांच्यावर चार ओळीही सापडत नाहीत. त्याच्या ठेंगणेपणावर हसवायचा सोपा रस्ता या चित्रफिती करणारे फार वेळा धरतात, हे मला खटकतं. पण खटकलं हे सांगायला तरी आधी पाहावं लागतं. नासिरनं सायकलची ट्रॉली केली आणि बैलगाडीची क्रेन, तर ती कला. त्याच्याच गल्लीतल्या पुढच्या पोरांनी सेल्फी स्टिक हातात धरली की तो कचरा! गरिबी पंचवीस वर्षं जुनी झाल्याशिवाय आम्हाला तिचं कौतुक करता येत नाही, असं दिसतं.

मराठीत या माध्यमाचं काय चाललंय याचा आढावा घ्यायचा तर बराचसा पसारा पटकन आवरता येतो. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, त्याच वर्षी भाडिपा ही यूट्यूब वाहिनीही आली. ती पहिली लाट पुण्या-मुंबईची, चटपटीत, शिकलेल्या पोरांची. तिनं आई-वडिलांच्या व्हॉट्सॲपवर मनापासून हसवलं. त्या विनोदाचा कोटा केव्हाच संपला. दोन खुर्च्या, दोन माइक आणि मागे कुंडी, या मुलाखतींबद्दल एवढंच म्हणतो की पूर्वी असली माणसं प्रवासात भेटायची आणि आपलं स्टेशन आलं की सुटका व्हायची. नथ-नऊवारीच्या रील्सवर मी शाई दवडत नाही. तालुक्या-तालुक्यात बूम घेऊन फिरणाऱ्या यूट्यूब वार्ताहरांपैकी निम्मे पुढाऱ्याचे वाढदिवस करतात. उरलेल्यांमुळेच आपल्याला फुटलेला बंधारा दिसतो, कारण मोठ्या वाहिनीची गाडी तिथवर जात नाही.

पश्चिम महाराष्ट्राकडे जरा थांबलं पाहिजे. साताऱ्याकडची 'गावाकडच्या गोष्टी' आणि बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरची 'चांडाळ चौकडीच्या करामती', या दोन्ही मालिका मी नेमानं पाहिल्या. चौकडीचं मला आवडतं ते भांडण. ते बांधावरच्या भांडणासारखं रेंगाळतं, विषय सोडतं, मधेच कुणाच्या तरी म्हशीची चौकशी करून परत येतं. टीव्हीच्या लेखकाला असा संवाद लिहायला दिला तर तो तिसऱ्या वाक्याला पार्श्वसंगीत मागेल. भागाच्या शेवटी बांधून देतात ती प्रबोधनाची पुडी मात्र मला नको असते. तरी या बोलीला हे दार नवं नव्हतं. शंकर पाटील, मिरासदार आणि माडगूळकरांनी तिला छापील पानावर आणि व्यासपीठावर कधीच मानानं बसवलं होतं.

खानदेशाला तसं कुणी मिळालं नाही. मिळालं एकदा, तेही केवढ्या आडवळणानं! बहिणाबाई घरात, शेतात ओव्या रचत होत्या, मुलगा सोपानदेव त्या उतरवून घेत होता. अत्र्यांनी उचलून धरल्यावर 1952 मध्ये पुस्तक निघालं, तोवर बहिणाबाई गेलेल्या. बोलीला पानावर यायचं तर असा एक सोपानदेव आणि एक अत्रे लागायचा. ज्यांना तो भेटला नाही, त्या बाया किती, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

म्हणून आज ज्याला 'अहिराणी कंटेंट' म्हणून नाक मुरडतात, ती मला गेल्या दहा वर्षांतली मराठी मुलखातली सगळ्यात मोठी सांस्कृतिक घडामोड वाटते. 2011 च्या जनगणनेत खानदेशीची नोंद मराठीपासून वेगळी आहे, बोलणारे 18 लाखांवर. या भाषेला दैनिक नाही, टीव्ही वाहिनी नाही, शाळेत तर ती मार खायचं निमित्त. आणि 'हाई झुमकावाली पोर' धुळ्या-जळगावच्या वेशी ओलांडून अशा लग्नांत वाजलं, जिथं वऱ्हाडाला 'शे' म्हणजे 'आहे' हेसुद्धा माहीत नव्हतं. गाणं फार थोर आहे असं मी म्हणत नाही. ठेका उचललेला वाटतो, पोरीचं वर्णन ठरीव. पण त्यात कुणी आपली भाषा धुऊन-पुसून आणलेली नाही.

अमळनेरजवळ एका गाण्याचं चित्रीकरण मी उभा राहून पाहिलं. कपाशीच्या कडेला भाड्याचा ड्रोन, ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा, आणि नायिकेची भूमिका नाशिकहून आलेल्या मुलीकडे. तिला अहिराणी येत नव्हती. ओठ हलवायचे तरी शब्द कळायला हवेत, म्हणून नायकाची आजी बाजेवर बसून तिला एकेक शब्द म्हणून दाखवत होती. मुलगी 'आंडेर' म्हणायला गेली की 'अंधार' व्हायचं. चौथ्यांदा तसं झाल्यावर दिग्दर्शक, वय असेल बावीस, म्हणाला, ''जाऊ दे, 'पोरगी' म्हण. सुरतवाल्यांनाबी समजी.'' आजी उसळली. सुरतेला उधन्यात तिचे दोन आंडोर, म्हणजे मुलगे, त्यांची पोरं, सगळी घरात हीच भाषा बोलतात. त्यांना कळत नाही असं म्हणणारा तू कोण? 'आंडेर'च राहिलं. भाषाशास्त्राचं इतकं चोख काम मी कुठल्या चर्चासत्रात पाहिलेलं नाही. पुढे गाण्याखाली लोकांनी लिहिलं तेव्हा 'माझा' या अर्थी कुणी 'मन्हा' लिहिलं, कुणी 'मना', आणि त्यावरून जुंपली. ज्या भाषेला शुद्धलेखनाचे नियमच कुणी दिले नाहीत, तिची माणसं लेखनावरून भांडताहेत, यापेक्षा चांगली बातमी कोणती?

असं बोललं की रैनपाड्याचं नाव निघतं. निघायलाच हवं, कारण तेही याच मुलखातलं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात 1 जुलै 2018 ला, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावानं ठेचून मारले. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्याआधी कित्येक दिवस फोनोफोनी फिरत होत्या. मारतानाच्या चित्रफितीही फिरल्या. त्यानंतर व्हॉट्सॲपनं एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवायची मर्यादा घातली. पोरांच्या हाती फोन दिला की हेच होणार, असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांना मला विचारायचंय: डवरी गोसाव्यांबद्दल, भटक्यांबद्दल त्या गावाला त्याआधी कुणी काय सांगितलं होतं? अनेक भटक्या जमातींवर चोरपणाचा शिक्का व्हॉट्सॲपनं मारला नाही. तो इंग्रजांनी कायद्यानं मारला आणि आपण तो पुसला नाही. ज्यांचा चेहराच कधी पडद्यावर, पाठ्यपुस्तकात आला नाही, त्यांच्याबद्दलची कुठलीही अफवा खरी वाटते. त्यावर उतारा एकच, त्या समाजाच्या पोरांच्या हातीही कॅमेरा. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर बाबासाहेबांची गाणी म्हणत दारोदार फिरायच्या. कुणीतरी फोनवर टिपल्यावर ती गाणी घराघरांत गेली. त्याच फोननं रैनपाडा केलं आणि त्याच फोननं कडुबाई ऐकवल्या. यातलं एकच उदाहरण खिशात ठेवून फिरणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

आणि ते भांडण मी टाळणार नाही, त्यात मी स्वतःही आलो. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे आम्हीही खाल्ले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं. मी मांडवात होतो, टाळ्याही वाजवल्या. बाहेर टपरीवर ज्या पोराकडून चहा घेतला, त्याचा चॅनल होता. त्यानं मला आपलं गाणं दाखवलं आणि विचारलं, ''याच्यावर तुमी काई लिखतस का?'' मी 'बघू' म्हणालो. 'बघू' हा आमच्या वर्गाचा सगळ्यात जुना नकार आहे.

या पोरांचा खरा शत्रू आमचं नाक मुरडणं नाही, तो ॲपचा परदेशी मालक आहे, असंही मला सुनावलं जातं. मान्य. 29 जून 2020 ला टिकटॉक बंद झालं आणि कित्येकांचं अंगण एका रात्रीत गेलं. या ॲपांमागचं यंत्र आज खेडवळ उच्चार वर आणतं, उद्या खाली ढकलेल, आणि कारण कुणाला सांगणार नाही. मग हे सगळं जपून ठेवायचं काम कुणाचं? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्यांनी दळणाऱ्या बाईला 'कंटेंट' म्हटलं नाही आणि ओवी थोर आहे की नाही यावर आधी परिसंवाद भरवला नाही. जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं. ते नाव लावायचं तर अहिराणी गाण्यांचा आणि मालेगावच्या चित्रफितींचा संग्रह तिथं, सरकारी खर्चानं, आजपासून सुरू व्हायला हवा. समीक्षकांनी नावं, गाव, वाद्यं, कॅमेरा कुणाचा, पैसा कुणाचा, हे नोंदवायला घ्यावं. वाईट गाण्याला वाईट म्हणावं, पण त्याचं नाव घेऊन.

2019 साली मी एका वहीत सतरा अहिराणी गाणी टिपली होती. हा लेख लिहिताना शोधली तर सहा सापडत नाहीत. चॅनलच राहिलेले नाहीत. त्यातल्या एकात नाचणाऱ्या पोरांच्या मागे ओसरीवर एक म्हातारी बसलेली होती. नको त्या ठिकाणी तिला हसू फुटलं, तिनं पदर तोंडाला लावला, आणि पोरांनी ते कापलं नव्हतं. वहीत त्या गाण्यापुढे मी फक्त 'बरं' एवढंच लिहिलंय.