वत्सगुल्मातला वेश आणि परग्रहावरचा पाहुणा

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’तल्या तिसऱ्या अध्यायाची आठवण आपल्याकडे निघते ती बहुधा वैदर्भी रीतीच्या निमित्ताने. वाशीमकरांना तर ती अभिमानाने सांगायची सवयच आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घरातून निघून जातो. त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते, आणि ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते. पूर्वेकडे तो तिच्याकडे फारसे बघत नाही. पांचालात थोडा विरघळतो. दक्षिणेत येईपर्यंत पुरता तिचा होतो. मग विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्वविवाह लागतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. तिचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता, त्यामुळे लग्नाचे ठिकाण राजशेखराने उगाच निवडलेले नाही.

या कथेतला एक तपशील मात्र आपण वाचूनही सोडून देतो. प्रत्येक प्रदेशात साहित्यविद्यावधू वेगळा वेश करते, आणि तिथल्या स्त्रिया तिच्या वेशाचे अनुकरण करू लागतात. पुरुष काव्यपुरुषाच्या वेशाचे करतात. राजशेखर या वेशरचनेला ‘प्रवृत्ती’ म्हणतो, नृत्यविलासाच्या रचनेला ‘वृत्ती’ आणि वचनाच्या रचनेला ‘रीती’. तिन्ही एकाच दमात, आणि क्रमात वेश पहिला. एका काल्पनिक पात्राचे कपडे माणसे हौसेने स्वतःच्या अंगावर चढवतात, ही कल्पना दहाव्या शतकाच्या आसपास एका काव्यशास्त्रकाराने लिहून ठेवली आहे. ग्रंथ छापून आला १९१६ साली, बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून. त्यानंतरच्या शंभर वर्षांत मराठी समीक्षेने रीतीवर रीम खर्ची घातले. प्रवृत्ती नाट्यशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेली आणि तिथेच राहिली.

हे सगळे आठवायला कारण घडले ते एका स्नेहसंमेलनाचे. वाशीम जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वेशभूषा स्पर्धेचा परीक्षक म्हणून मला बोलावले होते. शिवाजी महाराज, झाशीची राणी, सेवालाल महाराज, दोन शेतकरी आणि एक झाड असा नेहमीचा ताफा होता. शेवटी एक मुलगा आला. पुठ्ठ्याचे चिलखत, खळीत बुडवलेल्या जुन्या धोतराचे थर देऊन केलेले शिरस्त्राण, गालावर वितळल्यासारखी कातडी. ती कातडी त्याने मैद्याची लापशी आणि कागदी रुमाल यांच्यातून उभी केली होती, वरून हळद आणि काजळ. कुठल्या तरी इंग्रजी चित्रपटातला परग्रहवासी होता तो. सभागृह क्षणभर गप्प झाले. माझ्याशेजारच्या परीक्षकांनी त्याला विचारले, “यातून समाजाला संदेश काय?” मुलाला उत्तर देता आले नाही. बक्षीस झाडाला गेले. मीही सही केली, हे इथे नोंदवायला हवे.

तो प्रश्न त्या परीक्षकांचा एकट्यांचा नव्हता. मराठी विज्ञानकथेला आपण सुरुवातीपासून हाच प्रश्न विचारत आलो आहोत, आणि माझ्या मते तिचे शरीर त्यामुळेच वाळले.

जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आली आणि पहिली ठरली. मराठी विज्ञानकथेचा आधुनिक टप्पा तिथून मोजण्याची पद्धत आहे. ती चुकीची नाही. पण स्पर्धा भरवणारी संस्था विज्ञानप्रसारासाठी निघालेली होती, हे विसरू नये. कथेत विज्ञान अचूक आहे का, ते वाचकापर्यंत पोहोचते का, हे तिथले निकष होते, आणि त्या संस्थेच्या दृष्टीने ते योग्यच होते. पुढे बाळ फोंडके आणि इतरांनी ही वाट रुंद केली. नारळीकरांची शैली स्वच्छ, तर्कशुद्ध, अलंकार टाळणारी. तिला वैदर्भी म्हणायला माझी हरकत नाही. पण या कथांमधली माणसे, यंत्रे आणि परके जीव दिसतात कसे? ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्या. मराठे पानिपत जिंकलेल्या दुसऱ्याच इतिहासात प्राध्यापक जाऊन येतात. तो इतिहास त्यांना कळतो इमारतींवरून, दुकानांच्या नावांवरून, ग्रंथालयातल्या पुस्तकांवरून. पुरावा म्हणून हाती उरतो तोही कागदाचा एक कपटा. त्या जगातला मराठी माणूस कोणती पगडी घालतो, पगडी घालतो की नाही, याची कथेला फिकीर नाही. ‘प्रेषित’मध्ये तर परग्रहावरून आलेला मुलगा आपल्यातच, आपल्यासारखा वाढतो. कल्पना सुंदर आहे, आणि रंगभूषाकाराला तिथे काही काम नाही.

ही तक्रार नारळीकरांविरुद्ध नाही. त्यांनी जे करायचे ठरवले ते त्यांच्याइतके चोख दुसऱ्या कोणी केले नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे. त्या एका प्रकारालाच आपण संपूर्ण प्रांत समजलो.

दुसरीकडे काय घडत होते ते थोडक्यात सांगतो. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन भरले. त्यात फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातला पोशाख घालून आले. एच. जी. वेल्सच्या कथेवरून निघालेल्या ‘थिंग्ज टू कम’ या १९३६ च्या चित्रपटावर तो बेतला होता. दोन्ही पोशाख शिवले मर्टलने. नाव झाले फॉरेस्टचे, आणि तिला तिचे श्रेय मिळायला कित्येक दशके लागली. शिवणाऱ्या हाताची ही गत आपल्या रंगपटातही ओळखीची आहे. १९६८ च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’साठी जॉन चेंबर्सने फेसाळ रबराचे वानरमुखवटे केले. चेहऱ्याचे स्नायू हलले की मुखवटाही हलावा, ही त्यातली खरी करामत. त्याला मानद ऑस्कर मिळाले. रंगभूषेचा नियमित पुरस्कार सुरू व्हायला १९८१ चे चित्रपट उजाडावे लागले. ‘कॉस्प्ले’ या अर्थाचा जपानी शब्द नोबुयुकी ताकाहाशीने १९८३ मध्ये छापला. आपल्या देशात कॉमिक कॉनचा पहिला मेळा २०११ मध्ये दिल्लीत भरला. आणि ‘कोई मिल गया’तला जादू, ज्याच्यावर एक अख्खी पिढी लोभावली, त्याचा पोशाख ऑस्ट्रेलियातल्या कारागिराने घडवला होता.

म्हणजे हे सगळे बाहेरून आले, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. नाट्यशास्त्रातला आहार्याभिनयाचा अध्याय उघडला (काही प्रतींत तो एकविसावा आहे, काहींत तेविसावा) की तो डळमळतो. नेपथ्याचे तिथे चार प्रकार आहेत: पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सजीव. पुस्त म्हणजे तयार करून उभ्या केलेल्या वस्तू. त्यात चामडे, कापड, बांबूच्या चटया जोडून केलेले वेगळे, आणि यंत्राने हलणारे वेगळे. मुखवट्यांची कृती तर एखाद्या कारागिराने सांगून लिहून घेतल्यासारखी आहे. कापडाला बेलाच्या गराचा लेप द्यायचा, त्यात राख किंवा भाताचे तूस मिसळायचे, उन्हात किंवा शेकोटीवर वाळवायचे, थर फार जाड नको आणि फार पातळही नको, मग धारदार हत्याराने डोळे, नाक, कान यांच्या जागा कोरायच्या. शस्त्रांबद्दलही स्पष्ट सूचना आहे: खरी लोखंडी वजनदार आयुधे नकोत, नट थकतो. बांबू, लाख, गवत अशा हलक्या सामानातून करावीत. आज शहरातली मुले ईव्हीए फोमच्या तलवारी कापतात त्यामागे याहून निराळा विचार नाही. स्नेहसंमेलनातल्या त्या मुलाने नाट्यशास्त्र वाचलेले असणे शक्य नव्हते, तरी धोतराचे थर आणि खळ त्याच्या हाताला सुचली.

राक्षसांच्या बाबतीतही आपण गरीब नव्हतो. वत्सगुल्म शाखेच्या हरिषेणाच्या प्रधानाने, वराहदेवाने, अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले. त्याच काळातले मानले जाणारे पहिले लेणे पाहा. तिथल्या मारविजयाच्या चित्रात बुद्धाभोवती विक्राळ तोंडांची फौज उभी आहे. त्या चित्रकारांना संदेश द्यायचाच होता, पण त्यासाठी त्यांनी राक्षसांना आधी दात दिले, फुगलेले डोळे दिले.

आता बहुरूपी. वऱ्हाड-मराठवाड्यात रायरंद हे नाव अधिक चालते. माझ्या लहानपणी, वाशीम अकोला जिल्ह्यात होते तेव्हा, सुगी संपली की तो गावात यायचा. खाकी कपडे, काठी, चिकटवलेली मिशी, कागदाचे ‘वॉरंट’. आजीला दरडावून तो असले काही भरमसाट गुन्हे वाचून दाखवायचा की अंगण हसून लोळायचे, आणि आजी सुपात ज्वारी घेऊन यायची. रा. चिं. ढेरे यांनी ‘लोकसंस्कृतीचे उपासक’मध्ये अशा फिरत्या मंडळींचा मागोवा घेतला. मात्र आपण त्यांच्याकडे पाहिले ते उपासक म्हणून, लोककलावंत म्हणून. रंगभूषेचे जाणकार म्हणून क्वचित. त्यांच्या पेटीत काय असे? मुर्दाडशिंग, हरताळ, हिंगूळ, शेंदूर, काजळ. पहिल्यात शिसे, दुसऱ्यात आर्सेनिक, तिसऱ्यात पारा, चौथ्यात पुन्हा शिसे. खेड्यापाड्यांतल्या कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या हे चेहऱ्याला फासले. त्याची किंमत त्यांच्या कातडीने आणि रक्ताने मोजली. कोकणातल्या दशावतारी नटाची पेटी किंवा जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातले मुखवटे यांवर निदान लेख तरी आहेत. रायरंदाची पेटी कोणी जपून ठेवली असेल असे वाटत नाही.

बहुरूपी म्हणजे आपला देशी कॉस्प्लेअर, असे सोपे समीकरण मात्र मला मान्य नाही. हौशी वेशधारी ओळखले जाण्यासाठी वेश करतो. समोरच्याने पात्राचे नाव उच्चारले की त्याचे श्रम फळाला येतात. बहुरूप्याचा खेळ उलटा आहे. आधी क्षणभर फसवायचे, मग फसगत उघडी करून हसवायचे. एकाला वाचकांचा किंवा प्रेक्षकांचा समाज आधीच तयार लागतो, दुसरा तो अंगणात उभा राहून दर वेळी नव्याने घडवतो. शिवाय एकाची हौस आहे, दुसऱ्याचे पोट, आणि त्या पोटाला जात चिकटलेली आहे. एकाला सभागृहात शिरायला तिकीट काढावे लागते. दुसऱ्याला गावात शिरू देतील की नाही, इथून प्रश्न आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ते बहुरूपी नव्हते, कोणताही वेश त्यांनी केला नव्हता. अनोळखी असणे एवढेच पुरले. जिथे अनोळखी चेहऱ्याची ही अवस्था, तिथे जो मुद्दाम चेहरा बदलून दारात येतो त्याने काय करावे? भारतीय दंडविधानाचे १७१ वे कलमसुद्धा लोकसेवकाचा गणवेश घालणाऱ्याच्या हेतूचा विचार करत होते. जमाव हेतू विचारत नाही.

अनोळखी जीवाशी गाठ पडणे हा तर विज्ञानकथेचा गाभा. परका दारात आला, तो दिसायला विचित्र आहे, त्याच्याशी कसे वागायचे? मराठी विज्ञानकथेने परक्याला माणसासारखाच दाखवून हा प्रश्न बहुतेकदा टाळला, किंवा केवळ बुद्धीच्या पातळीवर सोडवला. बीभत्स, भयानक आणि अद्भुत या रसांना शरीर लागते. कातडी, वास, दात लागतात. विक्रम गायकवाड यांना ‘बालगंधर्व’ आणि ‘द डर्टी पिक्चर’साठी रंगभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एवढ्या ताकदीचा हात मराठीत होता. मराठी कथेने त्याच्यापुढे इतिहासपुरुष ठेवले, नटनट्या ठेवल्या. परग्रहवासी काही ठेवला नाही.

आणि परग्रहावरचा पाहुणा आपल्या शेजारीच येऊन गेला आहे. वाशीमला लागून असलेल्या बुलडाणा जिल्ह्यात लोणारचे विवर आहे, आकाशातून आलेल्या पाषाणाने बेसाल्टात पाडलेले, जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचे. लोकांनी त्याची कथा रचली ती लोणासुराची. विष्णूने त्याला मारले, म्हणून गावात दैत्यसूदनाचे देऊळ. विज्ञान लेखक लोणारला जातो तेव्हा ही दंतकथा एका वाक्यात बाजूला सारून आघाताच्या भौतिकीकडे वळतो. मला वाटते, कथाकाराने थोडे थांबायला हरकत नव्हती. आकाशातून कोसळलेल्या गोष्टीला देह देण्याची गरज त्या जुन्या लोकांना वाटली होती.

स्नेहसंमेलनानंतर तो मुलगा दोन-तीनदा भेटला. काही मराठी वाच म्हणून मी त्याला ‘प्रेषित’ दिले. आठवड्याने त्याने ते नीट कव्हर घालून परत केले. “सर, कथा मस्त हाये. पण हा त आपल्यासारखाच दिसते. मंग बनवू काय?”

मी त्याला लोणासुराचे सांगितले. त्याने लगेच विचारले, “त्याचा रंग कोनता?” घरी येऊन नाट्यशास्त्र काढले. दैत्य, दानव, राक्षस यांचा वर्ण तिथे ‘असित’, म्हणजे काळसर निळा, सांगितला आहे. त्याच श्लोकात, त्याच रंगाच्या यादीत, पाणी आणि आकाशही आहे. तेवढे त्याला फोनवर कळवले. निळीत किती काजळ घालावे, हे त्याचे तो बघतो म्हणाला.