लेखकाचे छंद : समीक्षेतील एक दुर्लक्षित प्रश्न

साहित्यिकांच्या परिचयपर टिपणांत अखेरीस एक वाक्य बहुधा ठरलेले असते : लेखकास भटकंतीची, संगीताची अथवा शिकारीची आवड होती. जन्मतिथी आणि पुरस्कार यांच्या शेजारी हे वाक्य निमूटपणे बसते. समीक्षक त्याच्या पुढे गेलाच, तर छंदामुळे लेखकाची अनुभवसृष्टी समृद्ध झाली, इतके म्हणून थांबतो. छंदाने लेखनाला काय दिले हे आपण विचारतो. लेखनाने छंदाचे काय केले हे विचारीत नाही. प्रस्तुत टिपणात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. मराठीत ‘छंद’ म्हणजे मनाची ओढ आणि ‘छंद’ म्हणजे पद्यरचनेचे मापही. संस्कृतात ‘छन्द’ व ‘छन्दस्’ ही रूपे वेगळी आहेत; मराठीत अंत्य व्यंजन गळून ती एकरूप झाली. त्यामुळे ‘स्वच्छंद’ आणि ‘छंदोबद्ध’ हे जवळजवळ विरुद्धार्थी शब्द एकाच घरात नांदतात. लेखकाची अडचण नेमकी या दोहोंच्या मध्ये आहे. निरुद्देश असणे हा छंदाचा प्राण होय. लेखन त्याला उद्देश देते, माप देते आणि त्यायोगे त्याचा स्वच्छंद हिरावून घेते.

पहिले उदाहरण रत्नागिरीचेच घेऊ. पु. ल. देशपांडे १९४६ साली या गावाचे जावई झाले, आणि ‘व्यक्ति आणि वल्ली’ या १९६२ च्या पुस्तकातील अंतू बर्वा येथलाच. गप्पांचा छंद हा कोकणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुना छंद. त्याचा एक अलिखित नियम असा की, बैठकीत बोललेले बैठकीतच विरावे. अंतूचे व्यक्तिचित्र वाचताना लक्षात येते की, तेथे निवेदक बेताचेच बोलतो आणि अंतू भरभरून बोलतो. अंतू कल्पित आहे असे मानले, तरी त्याच्या बोलीतील हेल, वक्रोक्ती आणि वाक्याच्या शेवटी येणारा तिरकस घाव हे दीर्घकाळ कान दिल्याशिवाय हाती येणारे नव्हेत. म्हणजे लेखक गप्पांत सामील असतानाच त्यांच्या बाहेरही उभा असतो. बरोबरीचा सोबती हळूहळू पात्र होऊ लागतो. बोलींचा अभ्यास करणाऱ्या भाषावैज्ञानिकाची स्थिती याहून फारशी निराळी नसते.

दुसरे उदाहरण गो. नी. दांडेकरांचे. गडकोटांवरील त्यांची भक्ती सर्वश्रुत आहे. दुर्ग हिंडणे, त्यांची छायाचित्रे घेणे, इतरांना सोबत नेणे, असा हा आयुष्यभराचा छंद. परंतु छंदी माणूस गड चढतो आणि उतरतो. तेथे राहत नाही. दांडेकरांतील कादंबरीकाराला एवढे पुरणार नव्हते. ‘पवनाकाठचा धोंडी’ मधील धोंडी हा तुंग किल्ल्याचा हवालदार. ‘माचीवरला बुधा’ मधील बुधा मुंबई सोडून राजमाचीवर राहावयास परततो. या माणसांच्या तोंडी मावळातील बोली आहे. भटकंतीचा धर्म चालणे, तर बोली ऐकण्याचा धर्म थांबणे. मावळ्याची भाषा कागदावर उतरवावयाची तर लेखकाला आपल्याच छंदाची गती मोडावी लागते. गडापेक्षा गडावरील माणूस मोठा मानावा लागतो. त्यातून मराठीला दोन चांगल्या कादंबऱ्या मिळाल्या. परंतु असे डोंगर पायांखाली घालणे त्यानंतर निव्वळ भटकणे राहत नाही, ही गोष्टही तितकीच खरी.

तिसरे उदाहरण सर्वांत कठोर आहे. व्यंकटेश माडगूळकर शिकारी होते आणि चित्रकलेचाही त्यांना नाद होता. शिकाऱ्याच्या भाषेत प्राण्याला ‘सावज’ म्हणतात. हा शब्द ‘श्वापद’ यापासून आला. मुळात त्याचा अर्थ केवळ रानपशू. आज मात्र तो उच्चारताच त्या पशूचा शिकाऱ्याशी असलेला संबंध मनात उभा राहतो. सावजाला विशेषनाम नसते. तसे ते देताच बंदूक उचलणे कठीण होते. ‘सत्तांतर’ (१९८२) या कादंबरीत वानरांच्या टोळ्यांतील संघर्ष आहे, आणि त्या टोळ्यांतील वानरांना स्वतंत्र नावे आहेत. सामान्यनामाकडून विशेषनामाकडे झालेला हा प्रवास व्याकरणाचा दिसतो, पण तो नीतीचाही आहे. बंदूक मागे पडली. निरीक्षण, टिपणे आणि रेखाटने उरली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची वाट बव्हंशी बंद केली, हे कारण येथे पुढे करता येईल, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. तथापि कायदा हातातील शस्त्र काढून घेतो. प्राण्याला नाव द्यावयास तो शिकवीत नाही. ते काम लेखनाचे. येथे लेखनाने छंदात केवळ गुंतागुंत निर्माण केली असे नव्हे. त्याचा मूळ हेतूच बदलून टाकला.

यावर एक आक्षेप संभवतो. पु. लं. ची पेटी लेखनाने कोठे बिघडवली? आक्षेप रास्त आहे, आणि तोच आपल्या प्रमेयाला नेमकेपणा देतो. पेटीवादन हा स्वरांशी मांडलेला व्यवहार आहे. स्वराचे पात्र होत नाही, आणि कोणी आपले बोलणे उचलले अशी तक्रारही स्वर करीत नाही. याउलट गप्पा, भटकंती आणि शिकार या तिन्ही छंदांत समोर दुसरा जीव आहे. तेव्हा सर्वच छंद लेखनामुळे सारखे अडचणीत येतात असे म्हणता येणार नाही. ज्या छंदात ‘दुसरा’ उपस्थित असतो, तोच येतो. कारण लेखन त्या दुसऱ्याशी असलेले नातेच बदलते. सोबत्याचे पात्र होते, वाटेवरच्या माणसाचा नायक होतो, सावजाला नाव मिळते.

हे बदल चरित्रात क्वचितच नोंदलेले असतात. ते भाषेत नोंदलेले असतात. बैठकीत कोण बोलतो आणि कोण गप्प राहतो, क्रियापद ‘जाणे’ आहे की ‘राहणे’, नाम सामान्य आहे की विशेष, या साध्या खुणांवरून ते ओळखता येतात. पदव्युत्तर प्रबंधांतून ‘लेखकाचे छंद’ या मथळ्याखाली जी यादी येते, तिच्याऐवजी प्रत्येक छंदापुढे दोन प्रश्न लिहावेत : यातला दुसरा कोण होता, आणि पुस्तक लिहून झाल्यावर लेखकाला त्याच्याकडे पूर्वीसारखे जाता आले का? पहिल्याचे उत्तर बहुधा संहितेच्या पृष्ठभागावरच सापडेल. दुसऱ्याच्या उत्तरात मात्र लेखनाची किंमत दडलेली असते, आणि ती मोजल्याखेरीज लेखनाचे मोल पुरते सांगता येत नाही.