कॅल्कचं 'एव्हरेज': उत्तर लगेच, पण कशाचं?

संशोधनाची तयारी करताय आणि स्प्रेडशीटवर पैसे घालवायचे नाहीत, तर लिब्रेऑफिस कॅल्क जरूर वापरा. बेरीज, सरासरी, प्रमाण विचलन, सगळं त्यात आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. ही साधी फंक्शन्स गडबडीच्या डेटावरही मुकाट्याने उत्तर देतात.

करून बघा. एका कॉलममध्ये १२, १४, १६, १८ लिहा आणि पाचव्या सेलमध्ये एककासकट '४० मिग्रॅ'. एव्हरेज १५ येईल. एककामुळे तो सेल मजकूर ठरला आणि रेंजमधला मजकूर हे फंक्शन सोडून देतं. नुसतं ४० लिहा, उत्तर २०. 'रीडिंग घेतलंच नाही' म्हणून तिथे ० भरलात, तर १२. तीन वेगळी उत्तरं आली, एरर मात्र एकदाही नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये माझी तीन रीडिंग्ज अशीच गळाली होती. गाइडनी विचारलं, "एन किती?" तेव्हा कुठे कळलं.

हे फक्त नवशिक्यांचंच होतं असं समजू नका. राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा २०१० चा पेपर घ्या. त्यांच्या एक्सेल शीटमध्ये सरासरीची रेंज अपुरी पडली आणि पाच देश बाहेर राहिले. २०१३ मध्ये ते उघड करणाऱ्यांत थॉमस हर्नडन होता, तेव्हा तुमच्या-आमच्यासारखाच विद्यार्थी. त्या पेपरवर डेटाची निवड आणि भारांकन यांबद्दलचे आक्षेप जास्त मोठे होते, हेही खरं. पण रेंजची चूक सापडली ती मूळ शीट उघडून पाहिल्यामुळेच.

कॅल्कमध्ये यावर उपाय आहे. व्ह्यू मेनूत 'व्हॅल्यू हायलाइटिंग' सुरू करा (कंट्रोल आणि एफ८). आकडे निळे, मजकूर काळा, सूत्रं हिरवी दिसतात. '४० मिग्रॅ' लगेच नजरेत भरतं. इतकी कामाची सोय मुळात बंद ठेवलेली असते, हा मला कॅल्कचा खरा दोष वाटतो.

प्रमाण विचलनातही नीट बघा. एसटीडीईव्ही 'एन वजा १' ने भागतं, एसटीडीईव्हीपी 'एन' ने. वरच्या पहिल्या चार आकड्यांसाठी उत्तरं २.५८ आणि २.२४. तुमची रीडिंग्ज नमुना असतील, आणि बहुधा असतातच, तर पहिलंच वापरा.

आणि एक सवय आजपासूनच लावा: प्रत्येक सरासरीच्या शेजारी काउंट आणि काउंटए लिहा. काउंट फक्त आकडे मोजतं, काउंटए भरलेले सगळे सेल. आपल्या उदाहरणात ४ आणि ५ येतील. दोन्ही जुळत नसतील तर आलेख काढू नका, आधी कॉलम तपासा. ० मात्र दोन्हींत मोजला जातो. म्हणून न घेतलेल्या रीडिंगचा सेल रिकामाच ठेवा.